चोवीस वर्षांनी सुवर्ण आलं, पण पुढची फळी कुठे आहे?

फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या अलिसा लिऊने महिलांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं. तिचे एकूण गुण होते २२६.७९. चार वर्षांपूर्वी बीजिंगमध्ये जपानच्या काओरी साकामोतोला २३३.१३ गुण मिळाले होते आणि तेवढ्या गुणांत तिच्या वाट्याला आलं होतं ब्राँझ. तिथलं सुवर्ण २५५.९५ गुणांना गेलं होतं. थोडक्यात, मिलानला ज्या गुणांनी सुवर्ण दिलं, त्या गुणांवर बीजिंगमध्ये पदकच मिळालं नसतं.

यावरून लिऊ कमी दर्जाची खेळाडू आहे असं म्हणाल तर चुकाल. मधल्या चार वर्षांत हा खेळच बदलला. कोण खेळू शकतं, किती वयाचं खेळू शकतं आणि जिंकायला काय लागतं, हे सगळंच बदललं. अमेरिकन मुलींना पुढे किती संधी आहे, याचं उत्तर त्यांच्या कौशल्याइतकंच या बदलांमध्ये आहे.

आधी दबदबा किती होता ते पाहू. १९५२ ते २००६ या काळातल्या प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीत अमेरिकेला किमान एक पदक मिळालं. अपवाद फक्त १९६४ चा. त्यामागचं कारण भयंकर आहे. फेब्रुवारी १९६१ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी प्रागला निघालेलं विमान ब्रुसेल्सजवळ कोसळलं आणि अमेरिकेचा अख्खा स्केटिंग संघ, प्रशिक्षकांसकट, मारला गेला. तिथून सात वर्षांत पेगी फ्लेमिंगने सुवर्ण जिंकलं. मग डोरोथी हॅमिल, क्रिस्टी यामागुची, तारा लिपिन्स्की. १९९१ च्या जागतिक स्पर्धेत तर यामागुची, टोन्या हार्डिंग आणि नॅन्सी केरिगन या तिघींनी तिन्ही पदकं घरी नेली. मिशेल क्वान पाच वेळा जगज्जेती झाली, तरी तिला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं नाही, कारण दोन्ही वेळा तिच्याच देशातली कुणीतरी पुढे गेली: १९९८ मध्ये लिपिन्स्की आणि २००२ मध्ये सोळा वर्षांची सारा ह्यूज. यापेक्षा श्रीमंत घर कुठलं असणार!

आणि मग २००६ मध्ये तुरिनला साशा कोहेनचं रौप्य आलं, त्यानंतर वीस वर्षं महिला एकेरीत काहीच नाही.

हा दुष्काळ सुरू झाला तेव्हा कुणाला त्याची चाहूलही लागली नव्हती. २००६ मध्येच किमी माइस्नर जगज्जेती झाली. २००७ च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत कॅरोलाइन झांग, मिराई नागासू आणि अॅशली वॅगनर या तीन अमेरिकन मुलींनी तिन्ही पदकं जिंकली. तेव्हाचे अंदाज काय असतील ते सांगायला नको. प्रत्यक्षात त्यानंतर अमेरिकेला सीनिअर जागतिक स्पर्धेतल्या महिला एकेरीच्या पदकासाठी थेट २०१६ पर्यंत थांबावं लागलं. त्या वेळी बोस्टनमध्ये वॅगनरने रौप्य मिळवलं. ज्युनिअरमधली पदकं पाहून भविष्य वर्तवणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

गुण कसे मोजतात?

२००४ पर्यंत परीक्षक सहापैकी गुण देत. कार्यक्रम पाहून झाला की दोन आकडे, एक तांत्रिक आणि एक सादरीकरणाचा. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत जोडी स्केटिंगच्या निकालात परीक्षकांच्या संगनमताचा घोटाळा बाहेर आला आणि ती पद्धत मोडीत निघाली. २००४ नंतर नवी पद्धत रूढ झाली. निबंध वाचून एकदम गुण देणं आणि गणितात प्रत्येक पायरीला गुण देणं, एवढा हा फरक होता.

आता प्रत्येक उडीला ठरलेली किंमत आहे. (टो लूप, लट्झ, एक्सल ही उड्यांची नावं. डबल, ट्रिपल म्हणजे हवेतल्या दोन किंवा तीन गिरक्या.) ट्रिपल टो लूपला ४.२०, ट्रिपल लट्झला ५.९०, ट्रिपल एक्सलला ८.००. चार गिरक्यांचा लट्झ मारलात तर ११.५०. उडी कशी झाली त्यावर परीक्षक उणे पाच ते अधिक पाच असा शेरा देतात आणि प्रत्येक पायरीला त्या उडीच्या किमतीचे दहा टक्के वाढतात किंवा घटतात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या शेवटच्या काही उड्यांना दहा टक्के जास्त किंमत मिळते, कारण तोवर पाय थकलेले असतात.

एक हिशेब करून पाहा. एखादीने ट्रिपल एक्सल मारला आणि गिरक्या पूर्ण करून पडली. आठमधून शेऱ्याचे चार गेले आणि पडण्याचा एक दंड. हाती उरले तीन. दुसरीने धोका न पत्करता साधा डबल एक्सल मारला, पण देखणा. किंमत ३.३०, शेरा अधिक तीन, म्हणून ४.२९. म्हणजे एवढं धाडस करून पडलेली मुलगी सावध मुलीच्या मागेच राहिली. पण तोच ट्रिपल एक्सल नीट बसला तर दहाच्या घरात गुण जातात आणि सावध मुलीला ती भरपाई करायला कुठे जागाच उरत नाही. सगळी रणनीती या जुगाराभोवती फिरते.

त्यातही खरी मेख गिरक्यांच्या मोजणीत आहे. तंत्र तपासणारे अधिकारी उडीचं चित्रण संथ गतीने पाहतात. उतरताना पाव गिरकी कमी पडली तर एक खूण, त्याहून जास्त कमी पडली तर दुसरी खूण आणि उडीची किंमतच घटते. लट्झ पात्याच्या चुकीच्या कडेवरून घेतला तर तेही टिपलं जातं. जुन्या पद्धतीत हे बरंचसं खपून जायचं. २००६ नंतरच्या अनेक अमेरिकन मुलींचं नुकसान इथेच झालं. प्रेक्षकांना स्वच्छ दिसलेला कार्यक्रम गुणपत्रिकेत मात्र खुणांनी भरलेला असायचा. तिकडे दक्षिण कोरियाची किम युना आणि जपानची माओ असादा अशा तंत्रावर मोठ्या झाल्या होत्या की सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तरी त्यांची उडी टिकावी. २०१० च्या व्हँकुव्हरमध्ये सुवर्ण-रौप्य त्यांनी वाटून घेतलं. नागासू चौथी आली.

रशियाचं वादळ

यानंतर आल्या मॉस्कोच्या एतेरी तुतबेरित्झे यांच्या शिष्या. २०१८ मध्ये अलिना झागितोव्हा सुवर्ण आणि येव्हगेनिया मेदवेदेव्हा रौप्य. २०२२ मध्ये अना श्चेरबाकोव्हा सुवर्ण, अलेक्सांद्रा त्रुसोव्हा रौप्य. त्रुसोव्हाने एकाच कार्यक्रमात चार गिरक्यांच्या पाच उड्यांना हात घातला. अमेरिकेतल्या मुली तेव्हा तिहेरी उड्यांची जोडी बसली तरी खूश होत होत्या. त्याआधी २०१८ च्या प्योंगचांगला अमेरिकेच्या तिघी नवव्या, दहाव्या आणि अकराव्या आल्या होत्या.

या उड्या इतक्या लहान मुलींनाच का जमतात? हवेत एक सेकंदसुद्धा मिळत नाही. तेवढ्या वेळात चार गिरक्या पूर्ण करायच्या तर शरीर बारीक आणि अक्षाला घट्ट चिकटलेलं हवं. वय वाढलं, कंबर रुंदावली, उंची वाढली की तीच ताकद लावूनही गिरकी मंदावते. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी शिखर आणि सतराव्या वर्षी निवृत्ती, असं चक्र सुरू झालं. पंधरा वर्षांच्या कामिला वालिएव्हाच्या डिसेंबर २०२१ च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं बीजिंगमध्ये उघड झालं, तेव्हा या चक्राची दुसरी बाजू जगाने पाहिली. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिला दोषी ठरवलं, सांघिक सुवर्ण अमेरिकेकडे आलं आणि त्या संघाला पदकं मिळाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये!

त्याआधी दोन निर्णय झाले होते. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०२२ मध्ये रशियन स्केटरना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर काढलं गेलं. जून २०२२ मध्ये सीनिअर गटाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरावर नेण्याचं ठरलं. हंगाम सुरू होण्याआधी सतरा वर्षं पूर्ण हवीत. (हा नियम १९९८ मध्ये असता तर पंधरा वर्षांची लिपिन्स्की नागानोला खेळलीच नसती. लहान मुलींच्या उड्यांवर जिंकण्याचा शोध काही एकट्या रशियाने लावलेला नाही.)

या दोन निर्णयांनी मैदान पुन्हा अठरा ते पंचवीस वर्षांच्या बायकांचं झालं. चार गिरक्यांच्या उड्या महिला स्पर्धांतून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. साकामोतोने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं जिंकली, तीही ट्रिपल एक्सलशिवाय. तिच्याकडे होता वेग, मोठ्या भरीव उड्या आणि स्केटिंगचा पाया. अमेरिकन मुलींना जमण्यासारखा खेळ परत आला होता.

आता लिऊ. तिची गोष्ट या सगळ्या बदलांच्या मधोमध येते. वडील चीनमधून १९८९ नंतर अमेरिकेत आलेले वकील, घर कॅलिफोर्नियातल्या ओकलंड परिसरात. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली, इतक्या कमी वयात आजवर कुणी झालेलं नाही. त्याच वर्षी चार गिरक्यांचा लट्झ स्पर्धेत मारणारी ती पहिली अमेरिकन मुलगी ठरली. अमेरिकेला वाटलं, आपलीही एक त्रुसोव्हा तयार झाली. मग ती वाढली, उड्या गेल्या, प्रशिक्षक बदलले. बीजिंगमध्ये चांगली कामगिरी करून आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला.

दोन वर्षं ती स्केटिंगपासून दूर होती. २०२४ मध्ये परतली तेव्हा संगीत, पोशाख, सरावाचे तास सगळं स्वतः ठरवून. मार्च २०२५ मध्ये बोस्टनला ती जगज्जेती झाली, माइस्नरनंतरची पहिली अमेरिकन. मिलानला तिच्या कार्यक्रमात ना चार गिरक्यांची उडी होती, ना ट्रिपल एक्सल. तिहेरी उड्या स्वच्छ, जोड्या अवघड, आणि चेहऱ्यावर कसलंही दडपण नाही. साकामोतो तिच्या मागे दोनहून कमी गुणांनी राहिली, जपानचीच आमी नाकाई तिसरी.

मला या विजयात एक गोष्ट खटकते, आणि ती लिऊबद्दलची नाही. अमेरिकन संघटनेने तिला घडवलं असं म्हणता येत नाही. लहानपणीच्या पद्धतीत ती मोडली आणि त्या पद्धतीतून बाहेर पडून, स्वतःच्या अटींवर परत येऊन जिंकली. अशी गोष्ट दर चार वर्षांनी घडत नसते. व्यवस्था म्हणून अमेरिकेकडे काय आहे, हा प्रश्न सुवर्णपदकाने झाकला गेला आहे इतकंच.

पैसा, कॉलेज आणि जागांचा हिशेब

अमेरिकेत केंद्रीय क्रीडा मंत्रालय नाही. तिथल्या ऑलिंपिक समितीला सरकारी अनुदानाचा नियमित आधार नाही. बर्फाचा तास, प्रशिक्षक, नृत्यरचना, बूट, पाती, पोशाख, विमानाची तिकिटं, हे सगळं मुलगी वर येईपर्यंत आईवडिलांच्या खिशातून जातं. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलीला निदान कॉलेजची शिष्यवृत्ती मिळू शकते. कारण तो खेळ विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये आहे, फिगर स्केटिंग नाही. त्यामुळे अठराव्या वर्षी मुलीपुढे दोन वाटा असतात: लाखो रुपये आणखी ओतायचे, की शिक्षणाकडे वळायचं. बहुतेक जणी कुठे जातात हे सांगायला नको.

जपानमध्ये चित्र वेगळं आहे. नागोया परिसरातून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू येत आहेत, मिदोरी इतोपासून असादापर्यंत. नागानो प्रांतातल्या नोबेयामामध्ये लहान मुलांची निवड शिबिरं भरतात आणि तिथे हेरलेली मुलं पुढे संघात दिसतात. मोठ्या कंपन्या खेळाडूंना पाठबळ देतात, टीव्हीवर स्केटिंगला प्रेक्षक आहेत. मिलानमध्ये पहिल्या चारमध्ये तीन जपानी होत्या. अमेरिकेची एक पुढे होती, एवढंच.

कोणत्या देशाला किती जागा हा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. जागतिक स्पर्धेत एका देशाच्या तिघी उतरल्या तर सर्वांत चांगल्या दोघींच्या क्रमांकांची बेरीज करायची. बेरीज तेरा किंवा कमी असेल तर पुढच्या वर्षी तीन जागा. अठ्ठावीसपर्यंत असेल तर दोन. बोस्टनला लिऊ पहिली, इझाबो लेविटो चौथी, अँबर ग्लेन पाचवी. बेरीज पाच! २०१८ मध्ये हीच बेरीज सोळा भरली होती आणि तिसरी जागा गेली होती. तिसरी जागा गेली की नव्या मुलीला मोठ्या स्पर्धेचा अनुभवच मिळत नाही, मग पुढची बेरीज सुधारणार कशी? हे दुष्टचक्र अमेरिकेने मधल्या काळात अनुभवलं. सध्या ते तुटलेलं आहे, आणि माझ्या मते सुवर्णाहून ही कमाई मोठी आहे.

बोस्टनच्या त्या तिघींमध्ये ग्लेनचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. ती १९९९ ची, टेक्सासमधल्या प्लेनोची. २०२४, २०२५ आणि २०२६ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेती झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेनोबलला ग्रां प्री या स्पर्धामालिकेची अंतिम फेरी जिंकली. पंचविशीत ट्रिपल एक्सल मारणारी अमेरिकन स्त्री, ही दहा वर्षांपूर्वी कुणाच्या कल्पनेतही नव्हती. पण मिलानच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे दोनपैकी पहिल्या, छोट्या कार्यक्रमात तिने ट्रिपल लूपऐवजी डबल मारला. या कार्यक्रमात एकट्या उडीला किमान तीन गिरक्या सक्तीच्या असतात. त्यामुळे डबलला कमी गुण मिळाले नाहीत, शून्य मिळाले. ती तेराव्या क्रमांकावर फेकली गेली, मग दीर्घ कार्यक्रमात पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. पायरीनुसार गुण देणारी पद्धत किती निर्दय असू शकते, ते त्या एका उडीत दिसलं.

लेविटो २००७ ची. २०२२ मध्ये ज्युनिअर जगज्जेती, २०२३ मध्ये राष्ट्रीय विजेती, २०२४ मध्ये मॉन्ट्रियलला जागतिक रौप्य. तिचं स्केटिंग अत्तरासारखं हलकं, पण उड्याही हलक्याच. तिचे गुण सादरीकरणावर उभे राहतात आणि उड्यांमध्ये जराशी चूक झाली की भरून काढायला जागा राहत नाही. मिलानमध्ये ती पहिल्या दहाच्या बाहेर गेली.

२०३० चं काय?

पुढचं हिवाळी ऑलिंपिक फ्रेंच आल्प्समध्ये आहे. तेव्हा लिऊ चोवीस वर्षांची असेल, लेविटो बावीस, ग्लेन तीस. लिऊ खेळत राहील का, हे तिच्यावर आहे. तिने एकदा सगळं सोडून दाखवलंय, त्यामुळे तिच्यावर कुणी पैज लावू नये.

साकामोतोने २०२५-२६ च्या हंगामानंतर थांबायचं ठरवलं, पण तिची जागा रिकामी राहणार नाही. जपानच्या माओ शिमादाने २०२३ ते २०२५ अशी सलग तीन ज्युनिअर जागतिक विजेतेपदं जिंकली. तिच्याकडे ट्रिपल एक्सल आहे आणि चार गिरक्यांचा टो लूपही. वयाच्या नियमामुळे ती मिलानला जाऊ शकली नाही. अठरा वर्षांच्या वरही तिच्या उड्या टिकतात का, यावर पुढची चार वर्षं अवलंबून आहेत. टिकल्या, तर लिऊच्या पद्धतीचं स्वच्छ तिहेरी स्केटिंग सुवर्णाला पुरणार नाही. नाकाई तर ट्रिपल एक्सल घेऊन आधीच व्यासपीठावर पोहोचली आहे.

दुसरा प्रश्न रशियाचा. मिलानला एक रशियन मुलगी तटस्थ खेळाडू म्हणून आली, पदकापर्यंत पोहोचली नाही. पण पूर्ण संघ परतला तर तीन जागांवर तीन नवी नावं येतील. सतराच्या वयोमर्यादेमुळे २०२२ सारखा पूर येणार नाही. तरीही पहिल्या सहामधल्या दोन-तीन जागा अडतील आणि त्याचा फटका लेविटोसारख्या खेळाडूला आधी बसेल, लिऊला नंतर.

अमेरिकेची पुढची फळी पाहायला गेलं तर नावं आहेत, पण त्यांच्यात ट्रिपल एक्सल भरवशाने मारणारी फारशी कुणी दिसत नाही. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं. मृत्यू पावलेल्या ६७ जणांमध्ये २८ जण स्केटिंगशी संबंधित होते, विचिटामधल्या राष्ट्रीय स्पर्धेनंतरचं विकास शिबिर आटोपून परतणारी मुलं, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक. १९६१ नंतर पुन्हा तसंच. ही मुलं पुढची फळी म्हणूनच त्या शिबिराला बोलावलेली होती.

माझा अंदाज सांगतो. २०३० मध्ये अमेरिकेला महिला एकेरीत एखादं पदक मिळू शकतं, पण त्यासाठी आत्ताच्या नावांपैकी किमान एकीने टिकून राहायला हवं. सुवर्णाची शक्यता जपानकडे जास्त झुकलेली आहे. मात्र ग्लेनने एक गोष्ट सिद्ध केली आहे: ट्रिपल एक्सल शिकायला चौदाव्या वर्षाची गरज नाही. अमेरिकन प्रशिक्षकांनी हे मनावर घेतलं, तर वीस-बावीस वर्षांच्या मुलींना खेळात टिकवून त्यांना ही उडी शिकवणं हा त्यांच्या देशाला जमण्यासारखा मार्ग आहे, कारण बारा वर्षांच्या मुलींची गर्दी जमवण्यात ते जपान-रशियाला कधीच गाठू शकणार नाहीत. अडचण फक्त पैशाची आणि कॉलेजची. २०३४ चं ऑलिंपिक सॉल्ट लेक सिटीत आहे, म्हणून निदान प्रायोजक तरी येतील. त्या पैशातला किती वाटा अठराव्या वर्षानंतरच्या मुलींपर्यंत पोहोचतो, यावर लक्ष ठेवायला हवं.